"बॅटरी बदलून टाका, भाऊ!"

झालं, पुन्हा तेच. पाण्याचा पंप सुरू केला की कॅम्पर व्हॅनचे दिवे मान टाकतात, फ्रिज टकटक करून बंद. नागपूरचा मे, पारा 45वर, आत तर भट्टीच. आणि मिस्त्रीचं एकच पालुपद: "बॅटरी बदलून टाका, भाऊ!"

अरे, दोन वर्षांतली ही तिसरी! मीटर काय शोभेला ठेवलाय? 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी निवांत असताना 12.6 दाखवते म्हणजे भरलेलीच आहे ना? खरी गंमत लोड टाकल्यावर. पंप चालू असताना बॅटरीपाशी 12.4, पंपापाशी 10.9. मधले दीड व्होल्ट काय ताडोबाला वाघ बघायला गेले? वायरीत जिरले ना बाप्पा! शेवईसारखी बारीक वायर, सैल जोड, आणि अर्थिंग, म्हणजे व्हॅनच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली वायर? रंगावरच स्क्रू पिळलेला. रंगातून करंट वाहतो का हो?

दुसरा म्हणे, "मोठा फ्यूज टाकू." वा! म्हणजे फ्यूज वाचेल, वायर जळेल. तिसऱ्याने उन्हावर ढकललं. (उन्हाने बॅटरी लवकर मरते, कबूल. पण डिसेंबरातही दिवे असेच मिचमिचत होते, तेव्हा कोणतं ऊन होतं?)

शेवटी काल मीच व्हॅनखाली आडवा झालो. पॉलिश पेपरने रंग खरवडला, लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) आवळले, जाड वायर ओढली. दिवे ढिम्म हलत नाहीत आता.

आणि शेजारचे काका विचारून राहिले, "नवी बॅटरी टाकली का रे?"