आधी पाट, मग राजवाडा: माचू पिच्चूवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

माचू पिच्चूवरचा माझा लेख इतका बारकाईने वाचून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पेरूमधल्या माचू पिच्चू या इंकांच्या डोंगरावरच्या शहराची आखणी सूर्य आणि डोंगर पाहून झाली, मी उगाच पाण्याला मोठं केलं, हा पहिला. भिंती भूकंपातही टिकतात म्हणताना मुख्य मंदिराच्या फाटलेल्या भिंतीबद्दल मी गप्प राहिलो, हा दुसरा. आणि ‘६० टक्के बांधकाम जमिनीखाली’ हा आकडा फुगवलेला आहे, हा तिसरा.

सूर्याबद्दल आपल्यात भांडण नाहीच. जूनमधल्या अयनदिनाला सूर्यमंदिराच्या खिडकीतून उगवतीचा प्रकाश आतल्या खडकावर येतो. पवित्र शिळेची वरची कड मागच्या डोंगराच्या रेषेशी जुळते. पण हे खडक मुळात जागेवरच होते, इंका कारागिरांनी ते घडवले आणि भोवती बांधलं. वस्ती कुठून सुरू करायची हे मात्र खडक पाहून ठरवता येत नव्हतं.

माचू पिच्चू याच नावाच्या डोंगराच्या उत्तर उतारावर एक झरा आहे. दोन भ्रंशांमुळे, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या तड्यांमुळे, इथला ग्रॅनाइट भेगाळलेला आहे, आणि त्या भेगांमधून झिरपणारं पाणी तिथे बाहेर येतं. इंकांनी उतारावर सुमारे १५ मीटर लांबीची दगडी भिंत घातली. पाणी तिच्यातून पाझरून पाटात येतं. जलअभियंते केनेथ राइट आणि पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो व्हालेन्सिया यांच्या अभ्यासानुसार पाट ७४९ मीटर लांब आहे. ऋतूप्रमाणे झरा मिनिटाला २३ ते १२५ लिटर पाणी देतो आणि पाटाची क्षमता सुमारे ३०० लिटरची आहे. उतार सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास. असा पाट सपाट केला तर गाळ बसून तो तुंबतो. फार तीव्र केला तर पाणी वळणावर उसळून काठाबाहेर जातं आणि पाटाखालचाच भराव धुऊन नेतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी वर चढवायचं साधन नव्हतं. झऱ्याची उंची आणि पाटाचा उतार या दोन गोष्टी ठरल्या, की पाट शहरात किती उंचीवर शिरणार हेही ठरलं. तिथून खाली जिन्यालगत एकाखाली एक १६ धारा काढल्या आहेत. प्रत्येक धार दगडी कुंडीत पडते आणि कुंडीतलं पाणी पुढच्या धारेला जातं. पहिली धार राजनिवासाच्या दाराशी आहे, म्हणजे कोणाचाही हात लागायच्या आधीचं पाणी सम्राटाला. सूर्यमंदिरही याच वरच्या धारांना लागून आहे. राजवाडा आधी दुसरीकडे उंचावर बांधला असता, तर पाणी तिथवर पोचलंच नसतं. म्हणून पाटाची रेषा आधी पक्की झाली आणि राजवाडा तिच्या टोकाशी बसवला, हे राइट यांचं म्हणणं मला पटतं.

पाट शेतीसाठी होता, असंही तुम्ही सुचवलंय. तो मजग्यांमधून, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांसारख्या शेतांमधून, जातो खरा, पण त्यांना पाणी देत नाही. वर्षाला १,९०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे शेताला पाणी देण्यापेक्षा शेतातलं पाणी काढणं अवघड. मजगीच्या तळाशी मोठे दगड, त्यावर बारीक दगड आणि खडी, मग वाळूमिश्रित थर, सगळ्यात वर शेतीची माती. नुसती माती भरली तर पावसात ती पाणी पिऊन जड होते, भिंतीमागे दाब वाढतो, भिंत पोटात फुगते आणि फुटते. इतक्या उभ्या उतारावर एक मजगी सुटली की खालच्यांनाही घेऊन जाते.

मुख्य मंदिराची भिंत फाटली आहे, पण भिंती भूकंपात टिकत नाहीत याचा पुरावा म्हणून ती चालत नाही. तिचा एक कोपरा खाली बसलाय, तिथेच सांधे उघडलेत. जोराच्या हादऱ्याने खोलीच्या तिन्ही भिंतींवर खुणा राहिल्या असत्या. हा पायाखालचा भराव दबल्याचा प्रकार आहे. शिवाय घट्ट सांध्यांची, कोरडी बसवलेली बांधणी मोजक्या इमारतींनाच आहे. साध्या घरांच्या भिंतींत दगडांमध्ये मातीचा गारा आहे, आणि आज दिसणाऱ्या अनेक भिंती विसाव्या शतकात पुन्हा रचलेल्या आहेत. आतल्या बाजूला किंचित कललेल्या भिंती, वर अरुंद होत जाणारी दारं आणि खिडक्या या गोष्टी मात्र दोन्ही प्रकारांत दिसतात. भूकंपाचं श्रेय द्यायचं तर त्यांनाही द्यायला हवं.

६० टक्के हा राइट यांचा अंदाज आहे, फूटपट्टी लावून काढलेला आकडा नव्हे. तरी तो मला फुगवलेला वाटत नाही. मधल्या पटांगणाच्या गवताखाली ग्रॅनाइटच्या कपच्यांचा जाड थर निघाला. दगड घडवताना पडलेला कचरा त्यांनी निचऱ्यासाठी वापरला. त्यात मजग्यांचे पाये, त्यांच्यामागची दगडांची भरण आणि शेती व वस्ती यांच्यामधला मोठा चर मिळवा. शहरभर भिंतींत सुमारे १३० निचऱ्याची भोकं आहेत. फोटोत ती भिंतीच्या पायथ्याशी लहान काळ्या चौकोनांसारखी दिसतात. गवताने छपरं शाकारलेल्या घरांचं पावसाळी पाणी पायात न मुरता याच भोकांतून बाहेर पडावं, अशी त्यांची योजना आहे.