‘नोट नेहमी वर ठेवा’ चालत नाही, या एक तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या नोट्सच्या ॲपबद्दल तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. लिनक्सवर ‘नोट नेहमी वर ठेवा’ला टिक करूनही नोट बाकीच्या विंडोंखाली जाते. जुन्या विंडोज 10 वर डार्क थीम लावली तरी टायटल बार पांढराच राहतो. मॅकवर सिंक होता होता ॲप बंद पडलं आणि अर्धी लिहिलेली नोट गेली. शेवटी म्हटलंय, ‘एकच कोड तीन ठिकाणी चिकटवला आणि क्रॉस-प्लॅटफॉर्म (सगळ्या सिस्टिमवर चालणारं) म्हणून विकला.’ तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मला थोडं बोलायचंय, कारण घोळ नेमका उलट ठिकाणी झाला.

आधी मॅक, कारण तिथे तुमचं लिहिलेलं गेलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आमची विंडो जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, उघडते. विंडो, कीबोर्ड, माउस हे सगळं ती तिन्हीकडे सांभाळते. पण नोट मॅकच्या सगळ्या स्पेसेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या डेस्कटॉपवर, दिसावी, ही सोय तिच्यात नाही. म्हणून आम्ही तिच्याकडून मूळ एनएसविंडोचा (मॅकच्या स्वतःच्या विंडोचा) पॉइंटर, म्हणजे पत्ता, मागून घेतो आणि मॅकचं फंक्शन थेट कॉल करतो. तिथून पुढे लायब्ररी आपल्याला सांभाळून घेत नाही, ॲपकिटचे, म्हणजे मॅकच्या विंडो सांभाळणाऱ्या ॲपलच्या कोडचे, नियम लागू होतात. त्यातला अगदी पहिला नियम म्हणजे विंडोला हात लावायचा तो मेन थ्रेडवरूनच (थ्रेड म्हणजे ॲपमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा). आमचं सिंक वेगळ्या थ्रेडवर चालतं, आणि पिन केलेली नोट दुसऱ्या मशीनवरून आली की त्याच थ्रेडवरून तो कॉल जात होता. असा कॉल कधी निभावून जातो, कधी ॲप जागच्या जागी बंद होतं. आम्ही टेस्टिंग एकाच मशीनवर केलं, त्यामुळे हा प्रसंग आमच्यासमोर आलाच नाही. आता असे सगळे कॉल मेन थ्रेडच्या रांगेत जातात, आणि नोट टाइप करतानाच डिस्कवर सेव्ह होते.

टायटल बारचं कारण छोटं आहे. विंडोजला ‘टायटल बार गडद कर’ हे एका आकड्याने सांगावं लागतं. हा आकडा 20. पण विंडोज 10 च्या ‘2004’ क्रमांकाच्या आवृत्तीआधी (हे साल नाही) तेच काम 19 ने व्हायचं, तेही अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये नसताना. आम्ही फक्त 20 पाठवत होतो. फंक्शन एरर परत देत होतं आणि आम्ही ती तपासतच नव्हतो. आता 20 नाकारला गेला की 19 पाठवून बघतो.

लिनक्सचं तसं नाही. तिथे स्क्रीनवर विंडो दाखवण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स11 आणि नवी वेलँड. एक्स11 वर ‘मला वर ठेव’ अशी विनंती ॲपला विंडो मॅनेजरकडे, म्हणजे विंडोंची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, करता येते. वेलँडवर नेहमीच्या विंडोला ती करण्याची सोयच नाही. विंडो कुठे ठेवायची, कोणाच्या वर ठेवायची, हे तिथे कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम, ठरवतो. हा मुद्दाम घेतलेला निर्णय आहे, आणि कोणत्याही ॲपने सगळ्यांच्या डोक्यावर बसू नये हे मला पटतंसुद्धा. आमची चूक पुढची आहे. विनंती करताच येत नाही हे माहीत असूनही आम्ही टिकचा चौकोन चालू ठेवला. तुम्ही टिक केलीत, काहीच झालं नाही, आणि ॲपने ते सांगितलंही नाही. नव्या आवृत्तीत वेलँडवर तो चौकोन बंद दिसेल आणि शेजारीच कारण असेल.

तोवर ग्नोमवर (ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप) नोट समोर असताना ऑल्ट आणि स्पेस दाबा. उघडणाऱ्या मेनूत विंडो नेहमी वर ठेवण्याचा पर्याय आहे. केडीईवर तो टायटल बारवर राइट क्लिक केल्यावर मिळतो. शिवाय सेटिंग्जमध्ये ‘एक्सवेलँडमधून चालवा’ असा नवा पर्याय देतोय, म्हणजे वेलँडवरही ॲप एक्स11 च्या पद्धतीने चालेल. त्यात टिक काम करते, पण स्क्रीनचं स्केलिंग 125 किंवा 150 टक्के असेल तर अक्षरं धूसर दिसू शकतात, म्हणून तो आपोआप चालू केलेला नाही.

म्हणजे एकच कोड तीन ठिकाणी चिकटवला असता तर यातलं काहीच बिघडलं नसतं, फक्त या सोयीही मिळाल्या नसत्या. बिघडलं ते प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळ्या लिहिलेल्या कोडमध्ये. तो आम्ही लिहिला, त्यामुळे दोष लायब्ररीचा नाही, आमचा आहे.

पैसे परत हवे असतील तर ज्या ईमेलवर पावती आली त्यावरच उत्तर द्या, कारण विचारणार नाही. आणि गेलेल्या नोटेची वेळ साधारण आठवत असेल तर तीही कळवा. सिंकच्या आधीची प्रत सर्व्हरवर असेल तर मी स्वतः शोधून पाठवतो.