अंगठा येत नाही

परवा मी एका आधार सेंटरवर एका अनोळखी काकांच्या टकलावर अंगठा घासला. घरी अजून सांगितलेलं नाही.

झालं असं की इंग्लंडला जायचंय. मातीकामाचे स्टुडिओ बघायला. सेंट आइव्ह्जला बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा या दोन कुंभारांनी 1920 साली सुरू केलेली लीच पॉटरी, मग स्टोक-ऑन-ट्रेंट, तिथल्या बाटलीसारख्या उंच विटांच्या भट्ट्या, मिडलपोर्ट पॉटरीतलं क्ले कॉलेज. वहीत सगळं लिहून ठेवलंय, पॅडिंग्टनहून गाडी, सेंट अर्थला बदलायची, इथपर्यंत. फक्त पासपोर्ट संपलाय. त्यावर पत्ता जुना, म्हणून आधी आधारवर पत्ता बदला, आणि आधार म्हटलं की अंगठा.

अंगठा आलाच नाही.

मशीन लाल. पुसून लावला, लाल. डावा लावला, लाल. काउंटरवरचा पोरगा म्हणे जोरात दाबा, मग म्हणे इतकं नका दाबू. डोळ्याचं मशीन होतं, पण ते बंद. नागपूरचा मे महिना, कूलर एकच आणि त्याचं तोंड पोराकडे, आमच्याकडे फक्त त्याचा आवाज. शेवटी त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही धुणीभांडी करता का लोकांकडे?"

मी ताठ बसून म्हटलं, "मी सिरॅमिक आर्टिस्ट आहे." त्यानं मागं मान वळवून आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "सर, यायले अंगठाच नाही आहे!"

आता खरं कारण सांगते. आमच्या मातीत ग्रॉग असतो, म्हणजे भाजलेली माती कुटून घातलेली, बारीक कचकच. चाकावर ती ओली माती बोटांखालून तासन् तास फिरते, म्हणजे सँडपेपरच. पंधरा वर्षं मी स्वतःला पॉलिश करून राहिली आहे. रेघा खरं तर कातडीच्या खालच्या थरातून येतात, काम थांबवलं की काही आठवड्यांत परत उगवतात. पण काम थांबवून खायचं काय?

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरचे काका उठले. मोबाईल नंबर लिंक करायला आले होते, हातात कापडी पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी.

"काय करता म्हणाल्या ताई तुम्ही?"

"मातीची भांडी करते."

"मडके?"

"हो, मडकेच समजा."

"अन् पासपोर्ट कायले?"

"इंग्लंडला जायचंय. तिथले स्टुडिओ बघायला."

काका क्षणभर थांबले. मग माझ्याकडे पाठ करून अख्ख्या लाइनीला म्हणाले, "ह्या ताई मडके पाहाले इंग्लंडले चालल्या!" लाइन हसली. एक बाई तर उगाच दोनदा हसली. "अवो, भद्रावतीले जा ना! चंद्रपूरच्या अलीकडंच. यष्टीत बसा, मडके पाहा, संध्याकाळले घरी वापस. व्हिसा नाही न् फिसा नाही."

वैताग याचा की माणूस बरोबर बोलत होता. भद्रावतीच्या ग्रामोदय संघात, तिथल्या मातीकामाच्या केंद्रात, मी चारदा जाऊन आले आहे, पण त्याला फॉरेन ट्रिप कोणी म्हणत नाही आणि इन्स्टावर कोणी विचारत नाही.

मग मला सूड सुचला. मी विचारलं, "काका, घरी चांगले कप आहेत का? पांढरे, पातळ?"

"हौ न. जावयानं देल्ले. बोन चायना."

"ते त्या इंग्लंडच्या गावातलंच तंत्र. स्टोकला जोसाया स्पोडनं बसवलं, अठराव्या शतकाच्या शेवटी. बोन म्हणजे हाड."

"नावच असंन."

"नाव नाही, खरंच हाड. जनावरांची हाडं जाळून राख करतात, ती मातीत घालतात. जवळपास अर्धी."

काकांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. "कोनतं जनावर?"

"गाईबैलांची चालतात."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "सात वर्सं झाले त्या कपात चहा पिऊन राहिलो मी." मग जरा वेळानं, "एकादशीले पण." लाइन आता त्यांना हसत होती. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण माणूस खरंच उतरला होता.

पण उतरलेल्या माणसानंच इलाज सांगितला. "बोटाले तेल लागते. डोक्याले घासा." मी सकाळीच केस धुतलेले, कोरडे खट्ट. तर काकांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि म्हणाले, "माह्या डोक्यावर घासा. आजच चोपडलं."

चाळीस लोकं बघून राहिले होते. मी घासला. मशीन हिरवं झालं.

घरी येताना मला जोसाया वेजवूड आठवत होता, अठराव्या शतकातला नावाजलेला कुंभार, स्टोककडचाच. लहानपणी देवी आल्या, गुडघा कायमचा गेला, पायानं चाक फिरवणं सुटलं, 1768 साली पायच कापला. म्हणून तो डिझाइनकडे आणि धंद्याकडे वळला, असं म्हणतात. त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात आला असता. ज्यांचे येत नाहीत ते चाकावर बसणारे. मी ज्यांच्याकडे चाक शिकले ते बाबाजी, सत्तरीचे. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा येत नाही म्हणून दोनदा रिकामे परत आले, आता नातीला पाठवतात. त्यांना कोणी डोकं पुढं केलं नाही. आणि मी मात्र कोणी धुणीभांडी विचारलं म्हणून तीन दिवस फुगून बसले, जशी काही धुणीभांडी करणारीला अंगठा लागत नाही. तिला तर जास्त लागतो, ना तिला पासपोर्टची हौस ना काकांचं तेल.

असो. व्हिसाला दहाच्या दहा बोटं लागतात. म्हणजे चाक बंद, आणि पन्नास कुंड्यांची ऑर्डर तशीच पडलेली. काकांनी निघताना टोकनच्या मागं नंबर लिहून दिला, "व्हिसाले अडलं तर सांगजा." फाडणार होते, पर्समध्ये ठेवला. खोबरेल तेल आणून ठेवलंय. नवऱ्याचं कपाळ मागं सरकून राहिलंय, काल रात्री तो झोपल्यावर नीट पाहिलं, पण दहा बोटांपुरती जागा अजून झालेली नाही.