रास, नक्षत्र, टेबल

नात्यातल्या एका काकांच्या वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट मी फुकटात सांभाळतो. "तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना?" एवढ्या एका प्रश्नात माझी मुलाखत, निवड आणि नेमणूक उरकली होती.

साइट ड्रूपलवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर आहे. त्याला जोडायचं वेबफॉर्म नावाचं फॉर्म बनवणारं मॉड्यूल वापरून स्थळनोंदणीचा फॉर्म मी तासाभरात उभा केला. एकाखाली एक चौकटी, शेवटी 'पाठवा'. काका तो स्क्रोल करू लागले. बराच वेळ करत राहिले.

"अरे, ही काय वाण्याची यादी आहे? आपला कागदी फॉर्म बघ, कसा रकान्या-रकान्यांचा. तस्साच हवा."

कागदी फॉर्म म्हणजे एका फुलस्केप पानावर रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी, देवक, कुलदैवत दाटीवाटीनं बसवलेलं. लग्नाच्या पंगतीत बसवतात तसं. पत्त्याला दीड इंच आणि मामाच्या आडनावाला तीन.

नव्वदच्या दशकात वेबपानं सर्रास टेबलांतच मांडत. पुढे सीएसएस, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा, रुळली आणि मांडणीसाठी टेबल वापरणं मागासलेपणाचं ठरलं. नोकरीत मी जुन्या साइटींतली टेबलं उपटायचा पगार घेतो. इथे ती फुकट पेरायची होती. शोधाशोध केल्यावर वेबफॉर्मची फील्डं, म्हणजे माहिती भरायच्या चौकटी, टेबलात बसवणारं एक जोड-मॉड्यूल सापडलं.

टेबलाच्या पोटात ओळ, ओळीच्या पोटात फील्ड. प्रत्येक फील्डाच्या डावीकडे चार बाणांची एक फुली असते, ती माउसनं धरून ओढायची. नुसतं खाली ओढून भागत नाही. सोडताना एक पायरी उजवीकडे सरकवलं, तरच ते ओळीत शिरतं. हात चार-दोन पिक्सेल डावीकडे राहिला की फील्ड ओळीबाहेर, रुसलेल्या जावयासारखं एकटं उभं. ओढायचं नसेल तर प्रत्येकाला 'वेट'चा आकडा देता येतो. काका म्हणाले, "आडनावाला वजन असतं, ते वाढव." वाढवलं. आडनाव तळाला गेलं, कारण ड्रूपलमध्ये जड ते बुडतं आणि हलकं ते तरंगतं.

मथळे वरती वेगळे लिहिले होते, म्हणून चौकटींची स्वतःची लेबलं फॉर्मवर लपवली; भरलेली माहिती मात्र त्याच लेबलांखाली येते. नाहीतर 'रास'खाली पुन्हा 'रास'. मोबाइलवर टेबल निम्मं पडद्याबाहेर जात होतं, पण काका मोबाइल फक्त कानाला लावतात.

शेवटच्या टेबलात मूळ गाव, मामाचे आडनाव, उंची, अपेक्षा असे चार रकाने. रात्री साडेअकराला काकांचा फोन : "गाव शेवटी घे." झोपेच्या तारेत मी गाव उचललं, शेवटी नेऊन सोडलं. आता कळतंय, की हात जरा डावीकडे होता. आणि मथळे बदलायचे राहिलेच. ड्रूपलच्या घराण्यात गाव निसटण्याची परंपरा मुळी जुनीच आहे. ड्रूपलचा जनक ड्रीस बायटार्ट आपल्या साइटला 'डॉर्प' नाव देणार होता. डच भाषेत डॉर्प म्हणजे गाव. टाइप करताना अक्षरं उलटसुलट होऊन 'ड्रॉप' झालं आणि थेंबाच्या डच शब्दावरून 2001 साली ड्रूपल आलं.

चाचणी केली नाही असं नाही. सगळ्या चौकटींत 'अबक' भरून पाठवलं. सगळीकडे बिनचूक अबक आलं. समाधानानं झोपलो.

काल पहिलं स्थळ आलं. काकांनी फोनवरच वाचून दाखवलं. "मामाचे आडनाव : कोरेगाव. उंची : देशमुख. अपेक्षा : पाच फूट चार इंच. मूळ गाव : निर्व्यसनी."

मी जीभ चावली.

"मुलगी गुणी दिसते रे," काका म्हणाले. "इतकी मोजकी अपेक्षा आजवर कुणी लिहिली नव्हती. फक्त हे निर्व्यसनी कुठल्या तालुक्यात येतं, तेवढं गूगलवर बघून सांग."