'आयएसए ५.१ घ्या, सगळं त्यात आहे'? नाहीये हो त्यात

हा मेसेज सध्या जाम फिरतोय: केमिकल प्लांटच्या ड्रॉइंगवरच्या इक्विपमेंटची नावं आणि चिन्हं पाहिजेत तर आयएसए ५.१ (आयएसए या अमेरिकन संस्थेचं स्टँडर्ड) बघा, सगळं त्यात आहे, नावातली अक्षरं जगभर सेम असतात, आणि आयएसओ १०६२८ (प्लांटच्या डायग्रामचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) ची १९९७ ची पीडीएफ नेटवर पडलीये तेवढी बास.

पहिलं, ५.१ हे इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजमाप आणि कंट्रोलच्या उपकरणांचं स्टँडर्ड आहे, नावातच लिहिलंय. बबल (इन्स्ट्रुमेंट दाखवणारं वर्तुळ) कसा काढायचा, सिग्नलच्या रेषा, टीआयसी (टेंपरेचर कंट्रोलर) नि एफटी (फ्लो ट्रान्समीटर) कसं वाचायचं हे सगळं मिळेल, पण पंप, कॉलम, एक्स्चेंजर कसे काढायचे आणि त्यांना नंबर कसे द्यायचे हा त्याचा विषयच नाही. त्यातल्या अक्षरांच्या टेबलात पहिलं अक्षर पी म्हणजे प्रेशर आणि ई म्हणजे व्होल्टेज, आता लावा त्यावरून पी-१०१ (पंप) आणि ई-१०१ (एक्स्चेंजर) चा अर्थ! इक्विपमेंटच्या चिन्हांसाठी आयएसओ १०६२८ चा भाग २ उघडायचा.

दुसरं, 'अक्षरं जगभर सेम'. इथे तर खरी गंमत आहे. अमेरिकन वळणाच्या ड्रॉइंगवर के-१०१ बहुतेकदा कॉम्प्रेसर असतो आणि व्ही-१०१ व्हेसल, तर जर्मन पद्धतीत के म्हणजे कॉलम, व्ही म्हणजे कॉम्प्रेसर, टाकीला बी आणि एक्स्चेंजरला डब्ल्यू. म्हणजे दोन व्हेंडरची ड्रॉइंग शेजारी ठेवली की व्ही-१०१ एकीकडे नुसतं भांडं नि दुसरीकडे फिरतं मशीन, आणि स्पेअरच्या लिस्टमध्ये हे नुसत्या टॅगवरून (व्ही-१०१ सारख्या नंबरावरून) भरणाऱ्याला तर देवच वाचवो. म्हणून आधी त्या प्रोजेक्टची लेजंड शीट (चिन्हं-अक्षरांचे अर्थ दिलेलं पान) मागायची, अक्षराचा अर्थ तिथे असेल तोच धरायचा, पाठ केलेला नाही.

ती फुकटची पीडीएफ? १९९७ चं ते स्टँडर्ड कधीच मागे घेतलंय. त्याचे दोन भाग झाले: चिन्हांचा भाग २ आला २०१२ ला, आणि ब्लॉक डायग्राम, पीएफडी (प्रोसेस फ्लो डायग्राम), पीअँडआयडी (पाइपिंग-इन्स्ट्रुमेंट डायग्राम) यांवर काय काय दाखवायचं तो भाग १ आला २०१४ ला. विकत घ्यायच्या आधी आयएसओच्या साइटवर प्रस्तावना आणि स्कोप फुकट वाचता येतो, तेवढं तरी वाचा की.

आणि नवीन प्लांटसाठी टॅगिंगची अख्खी सिस्टिमच बसवायची असेल तर आयईसी/आयएसओ ८१३४६ या स्टँडर्डची सीरिज बघा, त्यात बरोबरचं चिन्ह फंक्शनसाठी, उणे प्रॉडक्टसाठी आणि अधिक जागेसाठी वापरतात.