गळा तुमचा, हार त्यांचा

गळा गोड आहे आणि १९५०-६०च्या हॉलिवूडमध्ये नशीब काढायचंय? उत्तम. आधी तोंड बंद ठेवायला शिका. ते फक्त माइकपुढे उघडायचं.

कित्ता मार्नी निक्सनबाईंचा गिरवा. ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) त्या नटी डेबोरा कर यांच्यासाठी पडद्यामागून गायल्या. स्टुडिओने प्रेमाने समज दिली: बाहेर वाच्यता केलीत तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही. घोळ घातला तो करबाईंनीच. गाणारी दुसरी आहे, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. दर नटीकडून असा वेंधळेपणा अपेक्षित नाही.

शक्यतो नटीलाही अंधारात ठेवावं. ‘वेस्ट साइड स्टोरी’ची (१९६१) गाणी नॅटली वुडने हौसेने स्वतः म्हटली, आपल्याच आवाजावर ओठ हलवले. सगळे वा वा म्हणाले. चित्रीकरण आटोपल्यावर मार्नीबाईंना बोलावणं. आता त्या ओठांवर सूर बसवा! नटीचं तोंड जिथे मिटलं तिथे तुमची तान संपली, मग दम असो वा नसो. आणि रॉयल्टी? छे. संगीतकार बर्नस्टाइन यांनाच कसंतरी वाटलं, त्यांनी स्वतःच्या वाट्यातून पाव टक्का दिला. म्हणजे शंभर रुपयांत चार आणे. हावरटपणा करू नये.

‘माय फेअर लेडी’ (१९६४) तर तोंडपाठच करा. गावंढळ फुलवालीला प्रोफेसर शुद्ध बोलायला शिकवतात, अशी गोष्ट. बोलायला ती शिकते. गायला मार्नीबाई आहेतच. ‘जस्ट यू वेट’ नीट कान देऊन ऐका. सुरुवातीचा चिडका, खरखरीत आवाज फुलवाली झालेल्या खुद्द ऑड्री हेपबर्नचा. सूर वर चढला की एकदम रेशीम! रागात माणसाचा आवाज सुधारतो, असं समजायचं आणि पुढे बघायचं. प्रोफेसर झालेल्या रेक्स हॅरिसनने मात्र टायमध्ये माइक लपवून सेटवरच गाणी म्हटली, म्हणजे बरीचशी बोललीच. हिरोला सूर लागला नाही की ती शैली असते.

चिकाटी धरलीत तर चेहराही दिसेल. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये (१९६५) मार्नीबाई अखेर पडद्यावर आल्या, नन होऊन, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या. त्यांच्याच मठाच्या प्रमुख झालेल्या पेगी वुडसाठी मात्र तिसऱ्याच बाई गात होत्या.