रेसिडेन्सीला रेसिडेन्सी का म्हणतात

परवा भाच्याला कोचिंगला सोडायला निघालो होतो, इंदूरच्या रेसिडेन्सीवरून जाताना त्याने विचारलं, मामा ह्या एरियाला रेसिडेन्सी का म्हणतात? म्हटलं इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नेमलेला त्यांचा प्रतिनिधी, राहायचा इथे. तर म्हणतो, "पण राज्य तर होळकरांचं होतं ना?" पोराने बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

21 डिसेंबर 1817 ला इंग्रजांकडून महिदपूरची लढाई हरलो आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला. आपल्याकडून तात्या जोग, तिकडून इंग्रजांचा माल्कम, आणि गादीवरचे मल्हारराव होळकर तर तेव्हा लहान पोर. तहात काय गेलं विचारलं तर लोक सांगतात सातपुड्याखालचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांची खंडणी गेली. ते खरंच आहे, पण मला सगळ्यात जास्त लागतं ते दुसरंच कलम. रेसिडेंटला विचारल्याशिवाय कुठल्याही दुसऱ्या दरबारात वकील पाठवायचा नाही, बोलणी करायची नाहीत. मुलूख एकवेळ परत मिळवता येतो हो, पण शेजाऱ्याशी थेट बोलायचा हक्कच गेला की मग राज्य नुसतं जमाखर्चापुरतं उरतं. देवास इथून 35-40 किलोमीटर, धार 60-65, दोन्हीकडे आपलेच पवार, आणि त्यांच्याशी राजकारणाचा एक शब्द बोलायचा तरी रस्ता रेसिडेन्सीतूनच जायचा!

इंदूर राजधानी झालं तेही ह्या तहानंतरच, आणि इंग्रजांची महूची छावणीही त्याच वर्षीची. म्हणजे दरबार राजवाड्यावर, त्यावर नजर रेसिडेन्सीतून, आणि फौज महूला. 1854 ला सेंट्रल इंडिया एजन्सी झाली, म्हणजे इकडच्या संस्थानांवर देखरेखीचं इंग्रजांचं कार्यालय, तिचं मुख्यालयही इथेच, ग्वाल्हेर भोपाळ सगळ्यांचे कागद इंदूरला यायचे. शहर सत्तेचं ठिकाण होतं पण शहराच्या हातात सत्ता नव्हती.

मग 1948 ला मध्यभारत झालं, ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी आणि इंदूर उन्हाळ्याची. 1956 ला तेही संपलं, राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, राजस्व मंडळ ग्वाल्हेरला आणि आपल्याला लोकसेवा आयोग नि हायकोर्टाचं खंडपीठ. ह्याबद्दल माझी तक्रार नाही, एवढं मोठं राज्य, वाटणी करावीच लागते. भोपाळच्या नावाने बोटं मोडणं मला पटत नाही.

माझं दुखणं वेगळंय. 1956 च्या त्याच राज्य पुनर्रचना कायद्याने देशाच्या क्षेत्रीय परिषदा केल्या, शेजारच्या राज्यांनी एकत्र बसून पाणी, सीमा, वाहतूक ह्यावर बोलावं म्हणून. त्यात मध्यप्रदेश मध्य परिषदेत, आज तिथे सोबत उत्तरप्रदेश, उत्तराखंड आणि छत्तीसगड. आणि महाराष्ट्र-गुजरात पश्चिम परिषदेत! म्हणजे इंदूर ज्या टेबलावर बसतं तिथे डेहराडून आहे पण धुळं नाही, बडोदा नाही. आमची नाती, व्यापार, लग्नं, अस्थी घेऊन नाशिकला जाणं, सगळं सेंधव्याच्या घाटातून खाली उतरतं आणि बोलायची जागा मात्र तिकडे उत्तरेला.

रेल्वेचंच बघा ना. तुकोजीराव दुसऱ्यांनी खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं होतं, त्या काळातले 1 कोटी! त्यांना कळत होतं की आपला रस्ता दक्षिणेला आहे. आणि आज मुंबईला जायचं तर अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, बडोदा असा अख्खा वळसा घेते. मनमाड-इंदूर नवीन लाईनची मागणी ऐकत माझे केस पांढरे झाले, केंद्राची मंजुरी आली 2 सप्टेंबर 2024 ला, 309 किलोमीटर, 18,036 कोटी. दोन राज्यं आणि सहा जिल्हे, मग सहा जिल्ह्यांची माणसं एका खोलीत बसवायला नकोत का?

त्याच कायद्यात दोन परिषदांनी एकत्र बैठक घ्यायची सोयही आहे. आपल्या खासदार-आमदारांनी ती मागावी, पहिली बैठक इंदूरला ठेवावी, आणि माझं विचाराल तर रेसिडेन्सी कोठीतच ठेवावी.